मधली फळी

१

पुढच्या दाराला कुठलं लाकूड घालावं हे ठरवायला मी एक अख्खा पावसाळा घेतला, याचं वारे गावात पुष्कळ हसं झालं. लोकांचं चुकीचं नव्हतं. दार म्हणजे दार. सुताराला बोलवावं, साग नाहीतर फणस सांगावा आणि मोकळं व्हावं. पण माझी तीस वर्षं तारखात्यात, तारमास्तर म्हणून गेली होती. आलेला मजकूर परत वाचून पडताळल्याशिवाय पुढे धाडायचा नाही, ही तिथली शिस्त. ती पेन्शन घेतल्यावर सुटत नाही.

घर मी १९३१ साली बांधलं, वारे गावच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, वस्तीपासून चांगलं लांब. त्याचा आराखडा माझा नव्हता. कराचीला आमच्या क्वार्टरमध्ये माझ्या बायकोनं, दमयंतीनं, तो तारेच्या कोऱ्या फॉर्मवर पेन्सिलीनं काढला होता. पुढचं दार पश्चिमेला, म्हणजे दारात बसलं की समोर समुद्र. पुढे पडवी नको, पडवीचं छप्पर समुद्र झाकतं. "कधी जायचं?" ती विचारायची. "पेन्शन होऊ दे," मी म्हणायचो. पेन्शनीला दोन वर्षं उरली असताना ती चार दिवसांच्या तापानं गेली. मी एकटा परत आलो आणि कागदावर होतं तसं घर बांधलं.

पडवी नसलेलं घर कोकणात कुणी बांधत नाही. पश्चिमेचा पाऊस वरून पडत नाही, समोरून चालून येतो. माझं पहिलं दार देवदाराचं होतं, मुंबईहून आणलेलं. दोन पावसाळ्यांत ते फुगलं, खालून काळं पडलं, आणि १९३३ च्या चैत्रात मी सहज बोट टेकवलं तर बोट आत गेलं.

आरे गावच्या धोंडू सुताराला मी निरोप धाडला. धोंडू पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं जुनं दार उतरवलं, चौकटीला नखानं टोकरून पाहिलं आणि समुद्राकडे पाठ करून बसला.

"साग घाला," तो म्हणाला. "नायतर फणस."

"दोन्हींत जास्त टिकेल कुठला?"

"पडवी असती तर दोनीबी टिकले असते. तुमी समुद्राच्या तोंडात बसलाव, मास्तर. हितं लाकडाची परीक्षाच हाय."

मग परीक्षाच घेऊ, असं मी ठरवलं. सारख्या लांबीच्या, सारख्या जाडीच्या पाच फळ्या त्याला आणायला सांगितल्या. साग, फणस, ऐन, किंजळ आणि आंबा.

"आंबा कशाला? आंब्याची फळी मिरगात लावलीत तर श्रावणात चुलीत घालाल."

"वाईट किती वाईट ते कळलं, तर चांगलं किती चांगलं ते कळतं."

धोंडू तोंडातल्या तोंडात हसला. आठ दिवसांनी त्यानं पालीच्या वखारीतून फळ्या आणून दिल्या.

२

दाराच्या मोकळ्या चौकटीला आम्ही आतून पत्रा ठोकला. बाहेरून त्या पत्र्याला टेकवून पाचही फळ्या उभ्या केल्या आणि काथ्यानं आवळल्या. डावीकडून साग, फणस, मग आंबा, मग ऐन, शेवटी किंजळ. लांबून पाहिलं तर दारच वाटायचं. जाण्यायेण्याला मागचं दार होतं.

पाऊस लागला आणि माझा रोजचा क्रम ठरून गेला. सकाळी आठ वाजता चहा झाला की छत्री घेऊन घराला वळसा घालायचा, प्रत्येक फळीवर अंगठा दाबायचा, वास घ्यायचा, वहीत लिहायचं. तेवढ्यात राही यायची. राही खालच्या वाडीतली, विधवा, माझ्याकडे सारवण-पाणी करायची. दुपारच्या आत तिचं काम आटपायचं आणि ती इरलं डोक्यावर घेऊन उतरून जायची. तिथून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माणसाचा आवाज नाही. कराचीला दिवसभर यंत्राची टकटक कानाशी असायची, तिचा तेव्हा कंटाळा यायचा. इथे मी जुनी वर्तमानपत्रं मोठ्यानं वाचायला लागलो होतो, कुणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून.

दुपारी मी आतल्या बाजूला, त्या पत्र्यासमोर खुर्ची टाकून बसायचो. पाऊस फळ्यांवर आपटायचा, फळ्या पत्र्यावर थरथरायच्या, आणि सगळा पत्रा वाजत राहायचा. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी वाचता वाचता मी थांबलो. आवाजात काहीतरी कमी होतं. डावीकडे पाऊस वाजत होता, उजवीकडे पाऊस वाजत होता. मधे काही वाजत नव्हतं.

तारेवर काम केलेल्या माणसाला आवाजापेक्षा त्यातली फट आधी ऐकू येते. मी उठून पत्र्याला कान लावला. सरकत सरकत डावीकडून उजवीकडे गेलो. मधे हातभर रुंदीची जागा होती, तिथे पत्रा गप्प होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीट पाहिलं; तोवर फळी किती मऊ झाली एवढंच मी अंगठ्यानं तपासत होतो. साग, फणस, ऐन, किंजळ, चारही ओलीनं काळ्या पडल्या होत्या. मधली आंब्याची फळी कोरडी होती. नुसती कोरडी नाही, धोंडूनं वखारीत पेन्सिलीनं केलेली खूणसुद्धा तिच्यावर जशीच्या तशी होती.

३

धोंडू आला, फळीसमोर उकिडवा बसला. बोटाच्या पेरानं वाजवली, हुंगली.

"ह्यो आंबाच ना?"

"तूच आणलास."

"आंबाच हाय," तो स्वतःशी म्हणाला. "पन आंबा असा ऱ्हात नाय."

मला मात्र आनंद झाला होता. एखादं झाड वेगळं निघतं, त्याच्या लाकडात तेलाचा अंश जास्त असतो, असं काहीतरी मी मनाशी जुळवलं होतं. तेच झाड शोधून त्याचंच दार करावं, इथपर्यंत माझी मजल गेली. पण पडताळा झाला नव्हता. म्हणून मी धोंडूला फळ्यांची अदलाबदल करायला लावली. आंबा अगदी डाव्या कडेला, साग मधे.

चार दिवसांत आंब्याची फळी फुगली, तिच्यावर पांढरी लव आली. मधला साग कोरडा होता.

म्हणजे गुण लाकडाचा नव्हता, जागेचा होता. हे कळल्यावर खरं तर मन शांत व्हायला हवं होतं. वारा भिंतीवर आदळून फिरत असेल, कौलांची वळचण तेवढ्या ठिकाणी पुढे आली असेल. मी शिडी लावून वळचण पाहिली, ती सगळीकडे सारखी होती. मग एका दुपारी भर पावसात छत्री मिटून मी स्वतः मधल्या फळीला पाठ लावून उभा राहिलो. मिनिटाभरात धोतर-सदरा अंगाला चिकटला. डोळे उघडवेनात, इतका पाऊस तोंडावर येत होता.

म्हणजे पाऊस तिथे पडत होता. निदान मी तिथे उभा असताना तरी.

मी आत येऊन अंग पुसलं आणि वहीत काय लिहावं याचा विचार करत बसलो. त्या दिवशीची ओळ अजून कोरी आहे.

४

श्रावणात एक उघाडी मिळाली. मी राहीला गेरू कालवायला सांगितला.

"गेरू? सन हाय काय कुटला?"

"फळ्यांना लावायचा आहे."

तिनं मडक्यात गेरू कालवला. आम्ही दोघांनी पाचही फळ्या वरपासून खालपर्यंत गेरूनं लाल केल्या. दुपारपर्यंत त्या खडखडीत वाळल्या. तीनच्या सुमारास समुद्राकडून काळं आलं आणि दोन तास झडझडून पाऊस पडला. मी आत खुर्चीवर बसून ऐकत होतो. डावीकडे वाजत होतं, उजवीकडे वाजत होतं.

पाऊस थांबला तेव्हा पाच वाजले होते. ऊन पडलं होतं. मी वळसा घालून गेलो.

गेरू धुऊन गेला होता. पायरीवरून, अंगणातल्या जांभ्या दगडावरून त्याचे लाल ओघळ खाली उतरत होते. राहिला होता तो फक्त मधे. साग तर होताच, पण त्याच्या दोन्ही बाजूंच्या फळ्यांवरही तो थोडा थोडा पसरला होता. खाली दोन अरुंद पट्टे. वर ते एक झाले होते. त्याच्यावर रुंद, मग एकदम निमुळतं, आणि सगळ्यात वर गोल. कडा कुठेच रेखीव नव्हत्या. भिंतीपासून लांब उभं राहिलं की तिच्यावर सावली पडते, तशा त्या विरलेल्या होत्या.

मी ते झाड म्हणून पाहायचा प्रयत्न केला. समोर झाड नव्हतं. खांब म्हणून पाहिलं. खांबाला खांदे नसतात.

मग मी जे केलं ते शहाण्या माणसाचं काम नव्हतं, पण केलं. फळ्यांना पाठ लावून बाजूला उभा राहिलो आणि माझ्या डोक्याशी कोळशानं रेघ ओढली. वळून पाहिलं. तो गोल माझ्या रेघेच्या चार बोटं वर संपत होता.

दमयंती माझ्या खांद्याला लागायची.

मी पायरीवर बसलो. भीती वाटली नाही असं नाही, पण ती नंतर. आधी जे वाटलं ते लिहायला लाज वाटते. मला वाईट वाटलं. त्या गप्प जागेला कान लावून गेले दीड महिना मी कोण उभं आहे म्हणून समजत होतो, ते मला तेव्हा कळलं.

५

सकाळी राही आली, अंगणात थबकली. मग काथ्याचा कुंचा आणि पाण्याची कळशी घेऊन तिनं तो उरलेला गेरू घासून घासून काढून टाकला. घासताना ती फळ्यांकडे पाहत नव्हती, आपल्या हाताकडे पाहत होती. मी खिडकीतून बघत होतो. काम झाल्यावर ती आत येऊन चहाची भांडी विसळू लागली. 

धोंडूला मी सगळं सांगितलं. मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. अंगणात जाऊन फळ्यांसमोर उभा राहिला, मग आपण नेमके कुठे उभे आहोत ते लक्षात येऊन दोन पावलं बाजूला झाला.

"मास्तर, मी सांगतो तसा करा. ही चौकट चिऱ्यांनी बुजवून टाकू. दार पूर्वेला काढू, फणसाचा. पूर्वेला पाऊस नाय, वारा नाय. शंभर वर्षं बगायला नको."

"दार पश्चिमेलाच हवं."

"कशाला?"

"समुद्र दिसतो."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. सबंध दिवस तो समुद्र बघत बसणारं घरात कुणी नाही, हे त्यालाही माहीत होतं.

खरं कारण मी त्याला सांगितलं नाही. ती चौकट बुजवली तर आतल्या बाजूला नुसती भिंत राहिली असती. मी खुर्ची कशासमोर टाकली असती?

"बरं," धोंडू शेवटी म्हणाला. "लाकूड कुटला घालायचा मग?"

"तू सांग. परीक्षा झाली ना."

"आता कुटलाबी घाला," तो म्हणाला. "हितं टिकंल."

आम्ही साग घातला.

६

नवरात्र झाल्यावर दार बसलं. दोन झडपांचं, जाड फळ्यांचं, आतून आडवा अडसर. धोंडूनं ते उंडीच्या तेलानं दोनदा माखलं, होड्यांना माखतात तसं. काम चोख होतं. झडपा लावल्या की कुठून सुई जाणार नाही.

ते आठ महिने कोरडे गेले. पाऊस नाही, त्यामुळे दारावर काही दिसायचं कारण नाही. कार्तिकातलं ऊन, मग थंडी, मग आंब्याचा मोहोर, सगळं खाली वाडीत होत होतं. सड्यावर गवत वाळून पिवळं पडलं. ज्या समुद्रासाठी दार केलं ते दार मी एकदाही उघडलं नाही. आज उघडू, उद्या उघडू, असं करत राहिलो. अडसरावर हात ठेवायचो आणि वाटायचं, ऊन आहे तोवर बाहेर कुणी आहे की नाही ते कळणार नाही. कळल्याशिवाय कसं उघडायचं?

खुर्ची मात्र तिथेच होती. बाजाराला जायचं असलं की मागच्या दारानं निघताना मी त्या बंद दाराकडे पाहून "जाऊन येतो" म्हणायला लागलो होतो. आधी ते गमतीनं म्हणायचो. मग एकदा दगडी पायऱ्यांची पाखाडी अर्धी उतरल्यावर आठवलं की आज म्हटलं नाही, आणि मी परत चढून गेलो.

कराचीहून कुणाचं पत्र येत नव्हतं. रत्नागिरीला एक चुलतभाऊ होता, तो दिवाळीला एकदा येऊन गेला. "इथे एकटा कसा राहतोस?" त्यानं विचारलं. मी बंद दाराकडे पाहिलं.

७

१९३४ चा पाऊस जूनच्या मध्याला धरला. तिसऱ्या दिवशी सकाळी आठला मी छत्री घेऊन वळसा घातला. सबंध दार ओलं होतं, काळपट, तेलावर पाण्याचे मणी. मधे कोरडं होतं.

पण मागल्या वर्षीसारखं नाही. कडा विरलेल्या नव्हत्या. खांद्यांची गोलाई, मानेचा खळगा, कानाच्या जागी बारीकसा उंचवटा, सगळं चाकूनं कोरल्यासारखं स्पष्ट होतं. आणि खांद्यांच्या बाजूला, दोन्ही झडपांवर, एकेक वेगळा कोरडा ठसा होता. पाच बोटं पसरलेली. तळहात टेकवले होते.

सावली केव्हा रेखीव होते ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. वस्तू भिंतीला जवळजवळ चिकटते तेव्हा. आणि तळहात दाराला टेकतात ते दाराकडे पाठ करून नव्हे. वर्षभर मला एक शंका होती, की ते समुद्राकडे तोंड करून उभं आहे की घराकडे. ती फिटली.

त्या आठवड्यात राहीनं काम सोडलं.

"पावसाचं चार म्हैनं मी नाय यायची, मास्तर," ती मागच्या दाराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली. "पाखाडी निसरडी झालीय."

"पाखाडी दरवर्षी निसरडी होते, राही."

ती पदराचं टोक पिळत राहिली.

"तुला काय दिसलं?"

"दिसलं कुटं काय," ती म्हणाली. "कोरडं दिसलं." मग जरा थांबून, खाली बघत म्हणाली, "बाई असत्या तर गोष्ट येगळी व्हती. त्या न्हायत त्या. तुमी मनात तसं काय आनू नका."

"मला माहीत आहे."

"माईत हाय तर झालं," ती म्हणाली आणि उतरून गेली.

८

त्यानंतर अकरा दिवस मी कुणाशी बोललो नाही. पाऊस थांबत नव्हता, सड्यावर कुणी चढत नव्हतं. भात-पिठलं करून खायचं, कंदिलाची काच पुसायची, आणि दारासमोर बसायचं. आता पत्रा नव्हता, जाड साग होता, पण आवाजातली फट तशीच होती. उलट अधिक खोल. कधी वाटायचं, आतून मी ऐकतो आहे तसंच बाहेरून कुणी कान लावून ऐकतं आहे, आणि दोघांच्या मधे दोन बोटं लाकूड आहे. ठोका नाही, खरखर नाही, श्वास नाही. कधीच काही नव्हतं. तीस वर्षं मी तारेच्या टोकाला बसलो होतो. पलीकडे माणूस असून मजकूर येत नसला की कसं वाटतं, ते मला चांगलं ठाऊक होतं.

बाराव्या दिवशी दुपारी मी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत होतो. वाचता वाचता लक्षात आलं की मी पान उलटण्याआधी थांबतो आहे, समोरच्याचं ऐकून व्हावं म्हणून.

मी पान खाली ठेवलं. विचार अगदी सरळ होता. कोण आहे माहीत नाही. ती नाही हे माहीत आहे. ओळखीचं नाही, आपलं नाही, कशासाठी उभं आहे ते कळायला मार्ग नाही. पण दुसरा पावसाळा ते माझ्या दारात उभं आहे. या घराकडे येऊन दुसरं कुणी थांबलेलं नाही.

मी अडसर काढला. सागवान फुगलं नव्हतं, झडपा हलक्या हातानं उघडल्या.

समोर समुद्र होता. करडा, फेसाळलेला, सबंध चौकट भरून. दमयंतीनं काढला होता तसाच. आणि पाऊस एकदम सगळा माझ्यावर आला, तोंडावर, छातीवर, पायांवर. आडोसा कसलाच नव्हता. उंबऱ्यावर कुणी नव्हतं.

तरी मी बाजूला झालो, वाट करून दिली. घरी पाहुणा आला की करतात तसा हात आत केला आणि म्हणालो, "या."

किती वेळ तसा उभा होतो, सांगता येणार नाही. जमिनीवर पाण्याचं तळं झालं. मग मी झडपा लावल्या, अडसर सरकवला, कपडे बदलले.

तासाभरानं छत्री घेऊन बाहेर गेलो. दार ओलं होतं. या कडेपासून त्या कडेपर्यंत, वरपासून खालपर्यंत, एक बोटभर जागा कोरडी नव्हती.

९

तीन दिवस मी सगळं घर पाहत होतो. काही नव्हतं. भांडं हललं नाही, पावलाचा ओला ठसा नाही, कोपऱ्यात अंधार नेहमीपेक्षा जास्त नाही. दारावर आता पाऊस सगळीकडे सारखा वाजत होता. फट बुजली होती.

पहिल्या दिवशी वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी वाटलं, सगळा मनाचा खेळ असावा. वाऱ्याची काहीतरी तऱ्हा, दार उघडल्यामुळे ती बदलली. तिसऱ्या दिवशी घर इतकं रिकामं वाटायला लागलं की मला तिथे बसवेना. ते गेलं होतं. घरात या म्हटल्यावर गेलं होतं. आता खरोखरच कुणी नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी मी धोंडूकडे जायला निघालो. त्याला सांगावं, दार भिजतंय, तुझा साग आता खऱ्या परीक्षेला बसलाय, एकदा येऊन बघून जा. खरं म्हणजे कुणाच्या तरी ओटीवर बसून चहा प्यावा, एवढंच मनात होतं. बाहेर पडताना "जाऊन येतो" म्हणायचं विसरलो, आणि ते विसरलो याचं बरं वाटलं.

वारे गावाहून आऱ्याला जाताना पावसाळ्यात वारा समोरून येतो. टेकाडाच्या वळणावर छत्री उलटली, तिच्या काड्या मोडल्या. मी ती तिथेच बांधावर टाकली आणि मान खाली घालून चालत राहिलो. पाण्याचे लोट दोन्ही बाजूंनी येऊन पाठीवरून, टाचांवरून वाहत होते. इतक्या पावसात वाट बरी दिसते आहे, डोळे मिटावे लागत नाहीत, एवढंच मधे एकदा मनात आलं. मी त्याचा विचार केला नाही.

धोंडूचं घर आऱ्याच्या वाडीत पहिलंच, माडाखाली, दार समुद्राकडे. मी हाक मारली. त्यानं अर्धं दार उघडलं.

"धोंडू," मी म्हणालो, "दार भिजलं रे."

त्यानं दाराची कड धरली.

"सबंध भिजलं. आता तिथे काही नाही. म्हटलं तुला सांगावं."

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "तुमी नाय भिजलाव."

मी खाली पाहिलं. माझा सदरा छातीवर कोरडा होता. इस्त्रीची घडीसुद्धा मोडली नव्हती. हात लावून पाहिलं, मिशा कोरड्या, कपाळ कोरडं, चष्म्याच्या काचांवर एक थेंब नाही. पाठीमागून मात्र पाणी निथळत होतं, धोतराचा सोगा चिखलात ओला पडला होता.

मी मान वर केली. धोंडूची नजर माझ्यावर नव्हती. आमच्या दोघांच्या मधे, माझ्या डोक्याच्या जरा वर, कुठेतरी होती. त्याचा हात दाराच्या कडेवर होता आणि बोटं पांढरी पडली होती.

आतून त्याच्या बायकोनं विचारलं, "कोन हाय हो?"

"कोन नाय," धोंडू म्हणाला.

त्यानं दार लावलं. जोरात नाही, अगदी सावकाश, झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये तसं. मग आतून कडीचा आवाज आला.

मी त्याला दोष देत नाही. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं, निदान तीन दिवसांपूर्वी करायला हवं होतं.

मी वळलो. आता सगळा समुद्र, सगळा वारा माझ्या तोंडासमोर होता. पावसाच्या तिरप्या रेघा लांबून येत होत्या आणि माझ्यापर्यंत पोचत नव्हत्या. हातभर अंतरावर त्या तुटत होत्या. मी टक लावून पाहत राहिलो. एक थेंब हवेत मधेच थांबला, माझ्या कपाळाच्या थोडा वर. तिथून तो हळूहळू खाली घरंगळला, आत वळला, पुन्हा बाहेर आला, आणि जिथे हनुवटी असती तिथे लोंबकळत राहून गळून पडला.

घराखेरीज जायला मला दुसरी जागा नव्हती. मी पाऊल पुढे टाकलं. ते माझ्याकडे तोंड करूनच एक पाऊल मागे सरलं असावं, कारण माझ्या चेहऱ्याला पाऊस लागला नाही.